मनमाडची परिषद आणि प्रश्नावलीतला रकाना

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हे तेथील प्रतिपादन सर्वपरिचित आहे. आम्हांला त्याच भाषणाच्या एका उपेक्षित अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच का राहतो, असा प्रश्न त्यात आहे. उत्तर असे, की पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. साहजिकच सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्य पोर्टर चालत नसे. हे कारण नियमपुस्तकात सापडणारे नव्हते. ते कामगारांच्या अनुभवातच सापडण्याजोगे होते.

याच सुमारास महाराष्ट्रात पदवीधरांना समाजसंशोधनाचे रीतसर शिक्षण मिळू लागले होते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली तिने पाहणीची शिस्त रुजवली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. नमुना निवडणे, प्रश्नावली रचणे, आकडे पडताळणे ही कौशल्ये मोलाची खरीच. परंतु ‘हुद्दा’ आणि ‘पगार’ एवढेच रकाने असलेल्या प्रश्नावलीत स्टेशनमास्तरचे घर कोठे मावणार?

मग ज्याने भोगले त्यानेच संशोधन करावे, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाबासाहेब काही रेल्वेत गँगमन नव्हते. अस्पृश्यतेचा दाह त्यांनी सोसला होता, हे खरे. पण १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचणारे आणि १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नाची आकडेवारीसह चिकित्सा करणारेही तेच होते. अनुभवाने कोणता प्रश्न विचारावा हे सुचवले, तर शिक्षणाने एकेकाच्या गाऱ्हाण्यामागची व्यवस्था दाखवली.

साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. संहितेत जे लिहिलेले नाही तेही वाचावे लागते, हे आपण वर्गात नित्य सांगतो. समाजसंशोधकाच्या प्रशिक्षणातही हा धडा हवा: प्रश्नावली छापण्यापूर्वी, जिच्या उत्तरांवर आपला निष्कर्ष उभा राहणार आहे त्या व्यक्तीला विचारावे, की आमचा कोणता प्रश्न राहून गेला आहे?