गृह मीडिया सर्व्हरवरील व्हिडिओचा संथ प्लेबॅक

घरातील मीडिया सर्व्हरवर साठवलेला व्हिडिओ वेब ब्राउझरमध्ये पाहताना तो सुरू होण्यास विलंब लागणे, मध्येच थांबणे, अडखळत चालणे किंवा पुढे-मागे सरकवल्यावर बराच वेळ गोठून राहणे, या दोषांना एकत्रितपणे संथ प्लेबॅक असे म्हटले जाते. जेलीफिन, प्लेक्स आणि एम्बी या प्रणालींच्या वापरकर्त्यांना ही अडचण वारंवार येते. हा दोष इंटरनेटच्या कमी वेगामुळे येतो असा सर्वसाधारण समज आहे. मात्र सर्व्हर आणि ब्राउझर एकाच घरातील जाळ्यावर असतील, तर व्हिडिओचा प्रवास राउटरच्या आतच होतो व त्याचा इंटरनेट जोडणीच्या वेगाशी संबंध राहत नाही. पुष्कळदा मूळ कारण असे असते की, साठवलेली फाइल ब्राउझरला जशीच्या तशी वाचता येत नाही आणि सर्व्हरला ती पाहता पाहताच दुसऱ्या स्वरूपात रूपांतरित करावी लागते.

पार्श्वभूमी

प्लेक्सचा उगम एक्सबीएमसी (२०१४ पासून कोडी) या मुक्त प्रकल्पातून झाला. एम्बीचा स्रोत बंद करण्यात आल्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या मुक्त आवृत्तीतून जेलीफिन हा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. या प्रणालींमध्ये व्हिडिओचे रूपांतर करण्याचे काम मुख्यत्वे एफएफएमपेग या आज्ञावलीवर आधारलेले आहे. फाब्रिस बेलार्ड यांनी तिची सुरुवात २००० साली केली.

दूरचित्रवाणी संचावर किंवा भ्रमणध्वनीवर चालणारी स्वतंत्र ॲप्स अनेक प्रकारच्या फाइली थेट वाचू शकतात. ब्राउझरची क्षमता त्यामानाने मर्यादित असते. त्यामुळे दूरचित्रवाणीवर सुरळीत चालणारा चित्रपट त्याच सर्व्हरवरून लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये अडखळतो, असा अनुभव येतो. दोष सर्व्हरचा, जाळ्याचा की फाइलीचा, हे ठरवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

प्लेबॅकच्या पद्धती

सर्व्हर व्हिडिओ पुढीलपैकी एका पद्धतीने पाठवतो. या पद्धतींची नावे प्रणालीनुसार थोडीफार बदलतात.

थेट प्लेबॅक: फाइल कोणताही बदल न करता पाठवली जाते. सर्व्हरला केवळ डिस्कवरून वाचून पुढे पाठवायचे असल्याने प्रोसेसरवर नगण्य भार येतो.

कंटेनर बदल: आतील चित्र व ध्वनी तसेच ठेवून केवळ बाहेरील आवरण बदलले जाते, उदाहरणार्थ मट्रोस्काऐवजी एमपी४. हाही भार अल्प असतो.

केवळ ध्वनीचे रूपांतर: चित्र तसेच राहते, ध्वनी ब्राउझरला समजणाऱ्या स्वरूपात आणला जातो. साधा प्रोसेसरही हे काम सहज करतो.

पूर्ण ट्रान्सकोडिंग: चित्राची प्रत्येक चौकट उलगडून पुन्हा नव्याने संकुचित केली जाते. हे काम अतिशय जड असून संथ प्लेबॅकच्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हीच पद्धत असते.

कारणे

कोडेक

एच.२६४ हे २००३ सालचे मानक जवळजवळ सर्व ब्राउझर वाचतात. २०१३ साली प्रमाणित झालेले एच.२६५ त्याच दर्जाच्या चित्रासाठी कमी जागा घेते, परंतु त्याला ब्राउझरचा पाठिंबा उशिरा व असमान रीतीने मिळाला. सफारीने ते २०१७ मध्ये स्वीकारले. क्रोमने २०२२ मध्ये ते स्वीकारले, पण संगणकाच्या हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय असेल तरच. फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये विंडोजपासून त्याची सुरुवात झाली. त्यामुळे एकच फाइल एका ब्राउझरमध्ये थेट चालते आणि दुसऱ्यात सर्व्हरला घाम फोडते. दहा बिट रंगखोलीच्या एच.२६४ फाइली हे आणखी एक अडचणीचे उदाहरण आहे. बहुतांश ग्राफिक्स चिप त्या हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाहीत.

उच्च गतिक श्रेणीच्या (एचडीआर) चित्रपटांत भर पडते ती रंगांच्या रूपांतराची. साध्या पडद्यावर रंग फिके किंवा धुरकट दिसू नयेत म्हणून सर्व्हरला प्रत्येक चौकटीचे रंग नव्याने बसवावे लागतात.

ध्वनी

एएसी व ओपस हे ध्वनिप्रकार ब्राउझरमध्ये सहज चालतात. डीव्हीडी व ब्लू-रेवरून घेतलेल्या फाइलींत आढळणारे डीटीएस व ट्रूएचडी हे प्रकार मात्र प्रचलित ब्राउझर वाचत नाहीत. अशा वेळी किमान ध्वनीचे रूपांतर अटळ असते.

उपशीर्षके

उपशीर्षके सुरू करताच व्हिडिओ अडखळू लागणे हे एक ठळक लक्षण आहे. एसआरटीसारखी मजकूररूप उपशीर्षके ब्राउझरकडे स्वतंत्रपणे पाठवता येतात. ब्लू-रेवरील पीजीएस आणि डीव्हीडीवरील व्हॉबसब ही उपशीर्षके मजकूर नसून चित्रे असतात. ती सर्व्हरला मूळ चित्रावर ठसवून द्यावी लागत असल्यास थेट चालू शकणाऱ्या फाइलीचेही पूर्ण ट्रान्सकोडिंग सुरू होते.

मराठी उपशीर्षकांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा येतो. एसआरटी फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ सांकेतनात जतन केलेली असेल, तर ब्राउझर वापरकर्त्याच्या संगणकावरील देवनागरी टंक वापरून जोडाक्षरे नीट दाखवतो. तीच उपशीर्षके सर्व्हरवर ठसवायची झाल्यास देवनागरी टंक सर्व्हरवर असावा लागतो. तो नसल्यास अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. म्हणजे ठसवण्याची पद्धत भारही वाढवते आणि मजकुराची वाचनीयताही धोक्यात आणते.

प्रोसेसर आणि हार्डवेअर प्रवेग

ट्रान्सकोडिंग केवळ प्रोसेसरवर करण्याऐवजी ग्राफिक्स चिपमधील खास विभागाकडे सोपवणे यास हार्डवेअर प्रवेग म्हणतात. इंटेलने क्विक सिंक ही सोय २०११ साली आणली, तर एनव्हिडियाने एनव्हीईएनसी २०१२ साली. जेलीफिनमध्ये हा प्रवेग सुरुवातीस बंद असतो व तो सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. प्लेक्समध्ये त्यासाठी सशुल्क सदस्यत्व लागते. लिनक्सवर सर्व्हर आज्ञावलीला ग्राफिक्स उपकरण वापरण्याची परवानगी नसेल, किंवा डॉकर कंटेनरला ते उपकरण जोडून दिलेले नसेल, तर सेटिंग चालू दिसूनही प्रवेग मिळत नाही.

लहान संगणकांबाबत विशेष काळजी आवश्यक ठरते. रास्पबेरी पाय ४ मध्ये एच.२६४ तयार करणारा हार्डवेअर विभाग होता. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मधून तो वगळण्यात आला. त्यामुळे नवे मॉडेल एकंदरीत वेगवान असूनही ट्रान्सकोडिंगसाठी त्याला केवळ प्रोसेसरवर विसंबावे लागते.

घरातील जाळे

फाइलीचा सरासरी बिटरेट तिच्या आकारावरून काढता येतो. २ तासांची ८ गिगाबाइटची फाइल सेकंदाला सुमारे ९ मेगाबिट मागते, तर तितक्याच वेळाची ५४ गिगाबाइटची फाइल ६० मेगाबिट. हा आकडा सरासरीचा असतो आणि धावपळीच्या दृश्यांत मागणी त्याहून बरीच वर जाते.

गिगाबिट वेगासाठी जाळ्याच्या तारेतील चारही जोड्या शाबूत असाव्या लागतात. एखादी जोडी तुटली वा सैल झाली, तर जोडणी कोणतीही सूचना न देता १०० मेगाबिटवर उतरू शकते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजारच्या घरांतील राउटरांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ पट्टा अधिक वेग देतो, पण जाड भिंतींमागे तो लवकर क्षीण होतो. सर्व्हरही वाय-फायवर असल्यास प्रत्येक चौकट हवेतून दोनदा प्रवास करते, एकदा सर्व्हरकडून राउटरकडे व पुन्हा राउटरकडून ब्राउझरकडे. त्यामुळे उपलब्ध वेग विभागला जातो.

साठवण

ट्रान्सकोडिंगचे तुकडे सर्व्हर एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहितो. ते फोल्डर मंद मेमरी कार्डवर असेल किंवा डिस्क भरलेली असेल, तर पुरेसा प्रोसेसर असूनही प्लेबॅक थांबतो. बराच काळ न वापरलेली डिस्क विश्रांती अवस्थेत गेलेली असल्यास पहिल्या काही सेकंदांचा विलंब संभवतो. ही बाब स्वाभाविक असून दोष मानली जात नाही.

एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका असलेला विभाग फाइलीच्या शेवटी लिहिलेला असल्यास ब्राउझरला प्रारंभ करण्यापूर्वी तो शोधावा लागतो. हा विभाग आरंभी हलवण्याची सोय एफएफएमपेगमध्ये आहे. त्यासाठी चित्र पुन्हा संकुचित करावे लागत नाही.

ब्राउझर

सर्व्हरने व्हिडिओ वेळेत पोहोचवला तरी पाहणाऱ्याचा संगणक तो उलगडण्यात मागे पडू शकतो. ब्राउझरमधील हार्डवेअर प्रवेग बंद असणे, ग्राफिक्स चालक जुना असणे किंवा एखादे विस्तारक आड येणे ही त्याची कारणे होत. अशा वेळी बफर भरलेला असतो, परंतु चौकटी गळतात. आवाज सलग राहून चित्र धक्के खाते.

निदान

निदानाची पहिली पायरी म्हणजे प्लेबॅक कोणत्या पद्धतीने चालू आहे हे पाहणे. जेलीफिनच्या प्लेयरमधील प्लेबॅक माहिती या पर्यायात पद्धत, ट्रान्सकोडिंगचे कारण आणि गळालेल्या चौकटींची संख्या दिसते. प्लेक्समध्ये प्रशासकाच्या डॅशबोर्डवर याच स्वरूपाची माहिती मिळते.

ट्रान्सकोडिंग चालू असल्यास एफएफएमपेगच्या नोंदीतील वेगाचा आकडा निर्णायक ठरतो. तो १ पेक्षा अधिक असेल, तर सर्व्हर पाहणाऱ्याच्या पुढे आहे. तो सातत्याने १ पेक्षा कमी असेल, तर एका सेकंदाचे चित्र तयार होण्यास एका सेकंदाहून अधिक वेळ लागत आहे. अशा स्थितीत जाळे कितीही वेगवान केले तरी व्हिडिओ थांबणारच.

थेट प्लेबॅक चालू असूनही व्हिडिओ थांबत असल्यास शंका जाळ्यावर किंवा डिस्कवर जाते. तीच फाइल तारेने जोडलेल्या संगणकावर पाहिल्यास दोन्ही शक्यता वेगळ्या करता येतात. तारेवर ती सुरळीत चालली, तर दोष वाय-फायचा असतो. बफर भरलेला असून चौकटी गळत असल्यास दोष पाहणाऱ्याच्या संगणकाचा असतो. तीच फाइल दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा स्वतंत्र ॲपमध्ये चालवून पाहणे ही सर्वांत सोपी व बिनखर्ची चाचणी होय.

उपाय

उपाय निदानानुसार ठरतो. कोडेक न जुळणे हे कारण असल्यास त्या प्रणालीचे स्वतंत्र ॲप किंवा त्या कोडेकला पाठिंबा देणारा ब्राउझर वापरणे पुरेसे ठरते. चित्ररूप उपशीर्षकांच्या जागी मजकूररूप उपशीर्षके निवडल्यास ट्रान्सकोडिंग टळू शकते. ट्रान्सकोडिंग अपरिहार्य असल्यास हार्डवेअर प्रवेग सुरू करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या फाइलींची एच.२६४ व एएसी स्वरूपातील दुसरी प्रत सवडीने आधीच तयार करून ठेवता येते.

प्लेयरमधील दर्जा कमी करणे हा उपाय अनेकदा उलट परिणाम करतो. थेट चालू शकणाऱ्या फाइलीचा दर्जा कमी करण्यास सांगितले की सर्व्हरला तिचे ट्रान्सकोडिंग सुरू करावे लागते. जाळे अपुरे असेल तेथे हा उपाय लागू पडतो. मात्र प्रोसेसर अपुरा असेल तेथे तो थेट चालणारा व्हिडिओही अडखळवू शकतो.

घराबाहेरून पाहणे

परगावी किंवा परदेशी असलेल्या कुटुंबीयांनी घरच्या सर्व्हरवरील व्हिडिओ पाहिल्यास मात्र इंटरनेटचा वेग निर्णायक ठरतो. येथे महत्त्व असते ते घरच्या जोडणीच्या अपलोड वेगाला. सर्व्हर बाहेरून थेट गाठता येत नसल्यास प्लेक्स आपल्या मध्यस्थ सेवेमार्फत व्हिडिओ पाठवते. या सेवेची मर्यादा सेकंदाला १ ते २ मेगाबिट इतकीच असल्याने चित्र अस्पष्ट दिसते. काही वेळा घरातच बसून सर्व्हरचा बाहेरील पत्ता वापरला जातो. तेव्हा सर्व्हर पाहणाऱ्यास बाहेरचा समजून बाहेरच्यांसाठीची वेगमर्यादा लागू करू शकतो.

मूळ फाइलींचे जतन

गृह सर्व्हरवर चित्रपटांसोबत कौटुंबिक चित्रणही ठेवले जाते. मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली डीव्ही स्वरूपात असतात. त्यांतील चित्राचा बिटरेट सेकंदाला २५ मेगाबिट असतो आणि भारतातील पाल पद्धतीनुसार प्रत्येक चौकट दोन अर्ध्या क्षेत्रांत विभागलेली असते. ब्राउझर हे स्वरूप वाचत नसल्याने अशा चित्रणाचे ट्रान्सकोडिंग करावेच लागते.

प्लेबॅक सुरळीत व्हावा म्हणून अशा फाइलींचे लहान स्वरूपात रूपांतर करून मूळ फाइल पुसून टाकणे अपरिवर्तनीय ठरते. प्रत्येक पुनःसंकोचनात चित्राचा काही तपशील कायमचा नाहीसा होतो आणि चुंबकीय फीत कालांतराने खराब होत असल्याने ती पुन्हा उतरवता येईलच याची शाश्वती नसते. संथ प्लेबॅक हा पाहण्याच्या साधनांतील दोष असून साधने बदलली की तो दूर होतो. पूर्वी जी फाइल ब्राउझरमध्ये चालत नव्हती ती आज चालते, हे एच.२६५ च्या उदाहरणावरून दिसून येते. म्हणून पाहण्यासाठी वेगळी प्रत तयार करणे व मूळ फाइल स्वतंत्र डिस्कवर जतन करणे हितकारक ठरते.

हेही पाहा

एफएफएमपेग
जेलीफिन
एच.२६४
मट्रोस्का
हार्डवेअर प्रवेग
उपशीर्षके