ओळीओळीने पाहिलेली प्रवरा

कोल्हारजवळची प्रवरा आणि तिच्या काठचा ऊस उपग्रहाला कसा दिसतो? 17 मार्च 1988 रोजी सुटलेल्या आयआरएस-1ए उपग्रहाच्या लिस-1 कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 72.5 मीटरचा चौरस, साधारण सव्वा एकर. ओळीत 2048 ठिपके, वर्णपट्टे चार. तेवढ्याच ओळी घेतल्या, तर 1 कोटी 68 लाख बाइट होतात! त्या काळच्या डॉस संगणकाची नेहमीची स्मृती मात्र 640 किलोबाइट.

पंचवीस ठिपक्यांचा एक केला तरी चित्र मावत नाही. शिवाय शेते पुसली जातात. पण चारही पट्ट्यांची एक ओळ फक्त 8 किलोबाइटची. ती वाचायची, हिशेब करून तबकडीवर लिहायची, मग पुढची घ्यायची. आजही आपण मोठी चित्रे अशीच तुकड्यातुकड्यांनी हाताळतो.