प्रवर्तक (दृश्यकेंद्रकी पेशींतील)

प्रवर्तक (प्रमोटर) : जनुकाचे प्रतिलेखन कोठून, कोणत्या दिशेने आणि किती जोमाने सुरू व्हावे हे ठरवणारा डीएनएचा भाग. तो बहुधा आरंभबिंदूच्या आधी असतो, पण त्याचे काही घटक जनुकाच्या आतही सापडतात. ज्या बेसपासून आरएनएची जुळणी सुरू होते त्याला +१ म्हणतात. त्याआधीच्या जागा ऋण अंकांनी दाखवतात.

जिवाणूंत एकच आरएनए पॉलिमरेज विकर सिग्मा घटकाच्या मदतीने प्रवर्तक थेट ओळखते. प्राणी, वनस्पती आणि यीस्ट यांच्या दृश्यकेंद्रकी पेशींत मामला गुंतागुंतीचा आहे. रॉबर्ट रोडर व विल्यम रटर यांनी १९६९ मध्ये या पेशींत वेगवेगळी आरएनए पॉलिमरेज विकरे असल्याचे दाखवले. प्रथिनांचे संकेत बाळगणारी जनुके पॉलिमरेज-२ च्या वाट्याला येतात. पुढील विवेचन त्यांच्यापुरते आहे.

प्रवर्तकाच्या गाभ्यातील घटकांपैकी सर्वांत परिचित म्हणजे ‘टाटा पेटी’. टाटाआआ (TATAAA) या धाटणीचा हा क्रम आरंभबिंदूच्या साधारण २५ ते ३० बेस आधी असतो. मायकेल गोल्डबर्ग व डेव्हिड हॉग्नेस यांनी तो १९७८ मध्ये ओळखला. पाठ्यपुस्तकांनी या पेटीला जितका मान दिला तितका तिचा प्रसार नाही: मानवी प्रवर्तकांपैकी थोड्यांतच ती आढळते. अनेक जनुकांचे काम आरंभबिंदूवरच्या ‘इनिशिएटर’ क्रमावर, तर काहींचे त्यापुढे सुमारे ३० बेसवर असलेल्या घटकावर चालते. मानवाच्या निम्म्याहून अधिक प्रवर्तकांत सायटोसिन-ग्वानिनच्या जोड्यांची दाट बेटे असतात आणि तेथे प्रतिलेखन एका ठरावीक बेसऐवजी अनेक जवळजवळच्या बेसपासून सुरू होते.

पॉलिमरेज-२ ला प्रवर्तक स्वतः ओळखता येत नाही; त्यासाठी ‘टीएफ’ (प्रतिलेखन घटक) नावाची सहाय्यक प्रथिने लागतात. टाटा पेटी असेल तेथे टीएफआयआयडी या संकुलातील टाटा-बंधक प्रथिन आधी पेटीवर बसते आणि डीएनएला सुमारे ८० अंशांनी वाकवते. मग टीएफआयआयए आणि टीएफआयआयबी येतात, पॉलिमरेजला सोबत घेऊन टीएफआयआयएफ येते आणि शेवटी टीएफआयआयई व टीएफआयआयएच. यांतले टीएफआयआयएच एटीपी खर्चून डीएनएच्या दोन धाग्यांची उकल करते आणि पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट जोडते. मानवी विकरात ही शेपटी सात अमिनो आम्लांच्या ५२ आवर्तनांची असते. फॉस्फेट लागले की विकर प्रवर्तक सोडून पुढे सरकते. प्राण्यांच्या पुष्कळ जनुकांत मात्र २० ते ६० बेसनंतर थबकून पुढच्या संकेताची वाट पाहते. या यंत्रणेची अणुपातळीवरील रचना उलगडल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रमातले कोणते अक्षर किती मोलाचे, हे बीटा-ग्लोबिन जनुकावर फार स्वच्छ दिसले. टॉम मॅनियाटिस व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदराच्या या प्रवर्तकात एकेक बेस बदलून शंभराहून अधिक रूपे तपासली. प्रतिलेखन लक्षणीय घटले ते तीनच जागी: −९० च्या आसपासची सीएसीसीसी पेटी, −७५ लगतची सीसीएएटी पेटी आणि टाटा पेटी. सीसीएएटीला खेटून केलेल्या दोन बदलांनी उलट ते तिपटीहून वाढले. बाकी जवळजवळ सगळा मजकूर बदलूनही फरक पडला नाही. माणसातही हेच आढळते. −८८ या जागी सायटोसिनऐवजी थायमिन आले की सीएसीसीसी पेटी बिघडते, ग्लोबिन कमी बनते आणि बीटा थॅलसेमियाचा सौम्य प्रकार उद्भवतो. हे उत्परिवर्तन भारतीय रुग्णांतही नोंदले गेले आहे.

मॅनियाटिस यांच्या प्रयोगाचा एक तपशील सहसा सांगितला जात नाही. तो हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत झाला, ज्या ग्लोबिन बनवत नाहीत. म्हणून जनुकाशेजारी एसव्ही४० विषाणूचा वर्धक, म्हणजे प्रतिलेखनाचा जोर वाढवणारा क्रम, जोडावा लागला. शरीरातही ग्लोबिनचा प्रवर्तक प्रत्येक पेशीत अक्षरशः तोच असतो, तरी चालतो फक्त तांबड्या रक्तपेशींच्या पूर्वजांत. तेथे केएलएफ१ प्रथिन सीएसीसीसी पेटीवर बसते आणि सुमारे ५० हजार बेस दूर असलेला नियंत्रक भाग डीएनएच्या वळणातून प्रवर्तकाजवळ येतो. इतर पेशींत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला राहतो. अशा एका गुंडाळीत, म्हणजे न्यूक्लिओसोमात, १४७ बेसजोड्या असतात. सायटोसिनला मिथिल गट लागला तर सायटोसिन-ग्वानिन बेटांचे प्रवर्तकही मुके होतात. त्यामुळे प्रवर्तकाला ‘स्विच’ म्हणणे सोयीचे असले तरी अपुरे आहे.

क्रमातला बदल कधी नवी जागाही घडवतो. टेलोमरेज या विकराच्या टर्ट जनुकाच्या प्रवर्तकात एकेका बेसच्या बदलाने ईटीएस गटातील प्रथिनांना बसायला जागा तयार होते आणि एरवी निद्रिस्त जनुक जागे होते. मेलानोमा या त्वचाकर्करोगात हे बदल २०१३ मध्ये प्रथम सापडले.

जैवतंत्रज्ञानात प्रवर्तक मूळ जनुकापासून सोडवून दुसऱ्याला जोडतात. फुलकोबीच्या मोझॅक विषाणूचा ३५एस प्रवर्तक वनस्पतीच्या बहुतेक सर्व ऊतींत चालतो. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसात बोंडअळीविरोधी प्रथिनाचे जनुक याच प्रवर्तकाच्या सुधारित रूपाखाली ठेवलेले होते.