मजुराच्या ताटाचा हिशोब: डॉक्टर, दुष्काळ आणि बीडच्या सीमेवरची एक गोष्ट

माझ्या पीएचडीचा विषय 'अन्नधोरण आणि डॉक्टर' आहे असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, मी डाएटवर काहीतरी लिहितोय. साखर कमी खा, नाचणी खा, वगैरे. मग मी ज्या कागदांमध्ये बसलेलो असतो त्यांचं वर्णन केलं की चेहरा पडतो. कारण त्यात मजुरीचे दर असतात, विहिरींच्या जागा असतात, रेशनवरच्या धान्याचे भाव असतात. आपल्याकडे, निदान मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यात, डॉक्टरांनी अन्नाबद्दल सरकारशी जो वाद घातला तो 'काय खावं' याबद्दल फार कमी होता. खायला मिळेल इतकी कमाई आणि पाणी माणसाच्या हाती येतं का, याबद्दल तो जास्त होता. या लेखात त्या वादाचा एक तुकडा सांगतो.

सुरुवात बीड जिल्ह्याला चिकटून असलेल्या जामखेडपासून करू. जामखेड तालुका अहमदनगरमध्ये (आता अहिल्यानगर), पण आष्टी आणि पाटोदा हे बीडचे तालुके त्याच्या शेजारीच. जमीन तीच, पाऊस तोच, ऊसतोडीला जाणारी माणसंही तीच. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. त्यांनी गावोगाव बसून लोकांना विचारलं, तुम्हाला आधी काय पाहिजे? औषध आणि दवाखाना हे यादीत बरंच खाली होतं. वर होतं अन्न आणि पाणी.

आज हे वाचताना 'हो, साहजिकच' असं वाटतं. तेव्हा ते साहजिक नव्हतं. डॉक्टरचं काम रोग बरा करणं आणि धान्याचं काम पुरवठा खात्याचं, अशी सरळ वाटणी होती. आरोळ्यांनी ती मोडली. तरुण शेतकऱ्यांची मंडळं, पाठोपाठ महिला मंडळं उभी राहिली. लहान मुलांसाठी गावातच स्वयंपाक होऊ लागला, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसू लागली. सुरुवातीला मदतसंस्थांचं धान्य होतं. मग गावकरी आपल्याच शेतातली ज्वारी, डाळ, शेंगदाणे देऊ लागले. विंधन विहिरी घेताना दलित वस्तीत पाणी लागेल अशा जागा मुद्दाम शोधल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांनाही तिथंच यावं लागेल. विहिरीची जागा ठरवणं हा आरोग्याचा निर्णय आहे असं म्हणणारे डॉक्टर तेव्हा किती होते!

आणि लगेच 1972 चा दुष्काळ आला.

बीडमधल्या कुठल्याही घरात सत्तरीच्या पुढच्या माणसाला 'बहात्तर' म्हटलं की तीन शब्द ऐकू येतात: खडी, मिलो, सुकडी. खडी म्हणजे दुष्काळी कामावर फोडलेली. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. सुकडी म्हणजे कामावर वाटायचा गोडसर कोरडा पोषक खाऊ. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या आकड्यांनुसार मे 1973 मध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. पीक बुडूनही बंगालसारखा मृत्यूचा खच पडला नाही, याचं मोठं श्रेय ते या कामांना देतात. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. आजही आष्टी-पाटोद्यात फिरताना त्यातले बरेच दिसतात.

मरण टळलं, पण ताटात पुरेसं होतं का? इथून गोष्ट आकड्यांकडे वळते, आणि माझ्या मते खरी रंगतदार होते.

1971 मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं 'पॉव्हर्टी इन इंडिया' आलं. गरीब कोण, तर ज्याच्या खर्चात माणशी रोज 2250 उष्मांकांचं अन्न बसत नाही तो. बुध गावचे (जि. सातारा) संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तोवर जवळजवळ वीस वर्षं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत काम करून परतले होते. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी-जास्त अन्नाशी जुळवून घेतं. त्यामुळे सरासरीच्या रेषेखालचा प्रत्येकजण उपाशी धरू नये. शास्त्र म्हणून यात तथ्य होतं. पण त्याचा राजकीय अर्थ काय निघतो हे दांडेकरांना लगेच दिसलं आणि 1981 च्या सुमारास दोघांमध्ये जाहीर वाद झाला. पुढे डेव्हिड सेकलर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' अशी कल्पना मांडली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन तुटून पडले. खुरटलेल्या मुलाला निरोगी म्हणायचं म्हणजे गरिबीलाच मान्यता द्यायची, असा त्यांचा रोख होता.

गोपालन यांचा आपल्या भागाशी आणखी एक संबंध आहे, तो ज्वारीमुळे. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा आजार दिसायचा. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळी खरखरीत होते, जुलाब लागतात, डोकं भ्रमिष्ट होतं. 1960 मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाशी जोडला. त्यावर पुढे बरेच वाद झाले. 'आमची पिढी भाकरीवर धडधाकट होती' हे वाक्य ऐकलं की मला हा आजार आठवतो. भाकरीबरोबर डाळ, दूध, पालेभाजी असणाऱ्यांना तो सहसा होत नसे. ज्यांच्या ताटात भाकरी आणि मिरचीच होती त्यांना व्हायचा.

म्हणजे प्रश्न पुन्हा मजुरीवर येतो. तिथं आपल्याला भेटतात डॉ. अभय बंग. आज गडचिरोलीमुळे सगळे त्यांना ओळखतात. पण त्याआधी ते वर्ध्याला शेतमजुरांमध्ये काम करत होते. राज्यात शेतमजुराची किमान मजुरी आणि तिच्यावर बेतलेला रोजगार हमीचा दर तेव्हा दिवसाला 4 रुपये होता. तो आला होता वि. स. पागे यांच्या समितीच्या शिफारशीतून. हेच पागे रोजगार हमी योजनेचे जनक! ज्यांनी मजुराला कामाचा हक्क मिळवून दिला, त्यांच्याच समितीचा हा हिशोब.

असा हिशोब करताना काय काय ठरवावं लागतं बघा. मजूर किती जड काम करतो? त्याच्या कमाईवर किती तोंडं आहेत? वर्षात किती दिवस काम मिळतं? ज्वारीचा भाव कुठल्या महिन्याचा धरायचा? तेल, भाजी, दूध ताटात धरायचं की नाही? त्या काळच्या आयसीएमआरच्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या पुरुषाला 2400 आणि जड काम करणाऱ्याला 3900 उष्मांक धरले आहेत. फरक 1500 चा. ज्वारीत मोजला तर रोज साधारण 430 ग्रॅम, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या चार-पाच भाकरी. दिवसभर खडी फोडणाऱ्याला कुठल्या रकान्यात बसवायचं, हे मंत्रालयातल्या एका टेबलावर ठरतं आणि त्यानुसार लाखो घरांतल्या भाकरी कमी-जास्त होतात.

बंग यांनी समितीचा अहवाल पोषणशास्त्राच्या कसोटीवर तपासला, पद्धतीतल्या चुका दाखवल्या आणि हिशोब नव्याने मांडला. उत्तर आलं सुमारे 12 रुपये, म्हणजे तिप्पट. तो प्रसिद्ध झाला, मजुरांच्या चळवळीने उचलला आणि सरकारला दर वाढवावा लागला. सार्वजनिक आरोग्याच्या एखाद्या अभ्यासाने एका फटक्यात इतक्या लोकांचं जेवण बदललं, असं दुसरं उदाहरण मला महाराष्ट्रात सापडत नाही. गंमत म्हणजे त्यात एकाही मजुराला कुणी 'सकस खा' म्हटलेलं नाही.

इकडे जामखेडचं काम 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हेल्थ बाय द पीपल' या पुस्तकात गेलं. 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेची व्याख्या करताना अन्नपुरवठा आणि योग्य पोषण हे त्या सेवेचेच भाग म्हणून लिहिले गेले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजारी 176 असलेला बालमृत्यूदर पाच वर्षांत 52 वर आला होता.

मग बीडचं ताट आज कसं आहे? उपासमार नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं आणि 2023 पासून ते मोफत आहे. पण पिशवीत असतो मुख्यतः गहू आणि तांदूळ. कायद्यात भरड धान्याचा भाव किलोला 1 रुपया असा लिहिलेला होता, तरी ज्वारी दुकानात क्वचितच आली. शेतातही खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, कारण काढणीच्या वेळी पाऊस आला की कणीस काळं पडतं आणि काळ्या ज्वारीला भाव नाही. रब्बीची मालदांडी अजून टिकून आहे, त्यात कडब्याचा वाटा मोठा. जनावरं आहेत तोवर ती पेरली जाईल. 2018 मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा वाण आणला. चांगलंच आहे, पण सरकार ज्वारी खरेदी करून रेशनवर देत नाही तोवर तो कोणाच्या ताटात जाणार?

आणि ऊस. धोरणाचा सगळा ओघ, पाणी, कर्ज, हमीचा दर, त्याच्याकडे. बीडची लाखो माणसं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. रेशनकार्ड अनेक वर्षं गावच्या दुकानाला बांधलेलं होतं, म्हणजे सर्वांत जड कामाच्या चार-पाच महिन्यांत स्वस्त धान्य सर्वांत लांब. आता 'एक देश एक शिधापत्रिका' आहे. 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार, बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्याची कारणं अनेक, खासगी दवाखान्यांपासून मुकादमाच्या उचलीपर्यंत. त्यावर वेगळा लेख हवा.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. आयसीएमआरच्या 2010 च्या तक्त्यात जड काम करणाऱ्या पुरुषाला 3490 आणि स्त्रीला 2850 उष्मांक आहेत. पहाटे उठून मोळ्या डोक्यावर वाहणारी बाई नक्कीच त्या रकान्यात बसते. सध्या मी या दोन आकड्यांच्या मध्ये ज्वारी, तूरडाळ, तेल आणि गुळाचे भाव भरतोय, फेडायची उचल वजा करून आणि बरोबर आलेल्या पोरांची तोंडं धरून. तो तक्ता पुरा झाला की इथेच टाकेन.