बर्फ : बोस्टनच्या तळ्यापासून आपल्या फ्रिजपर्यंत

आदिलाबादच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बर्फाचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. भुशात दडवलेली, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली आहे. ही भुशाची युक्ती फार जुनी.

१८३३ मध्ये बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी गोठलेल्या तळ्यांचा बर्फ 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला धाडला. प्रवास चार महिन्यांचा. निघताना बर्फ सुमारे १८० टन होता. पोहोचला १०० टनांच्या आसपास. बाहेरची उष्णता अडवली गेली, म्हणून तेवढा तरी उरला. पुढच्याच वर्षी मुंबईलाही बर्फ आला. मद्रासचे बर्फघर तर 'विवेकानंद इल्लम' या नावाने आजही उभे आहे. १८३४ मध्येच जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे यंत्राचा बर्फ स्वस्त झाला आणि जहाजांचा व्यापार संपला.

पदविकेला असताना आम्ही शिकलो ते हेच : थंडी आत भरली जात नाही, उष्णता बाहेर काढली जाते. आज घरच्या फ्रिजमधला आईसमेकर बर्फ देईनासा झाला, तरी पहिला प्रश्न ट्यूडर यांचाच – उष्णता कुठून आत शिरते? दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज निघाला तर रबर सैल झाले आहे. फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास हवा. बर्फाचा डबा भरल्यावर यंत्र थांबवणारी दांडी चुकून वर अडकली नाही ना, तेही पाहावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नळाला जोडलेल्या फ्रिजची तोटी उघडी आहे का? फिल्टर तुंबला आहे का? बोअरच्या जड पाण्याचा क्षार बारीक झडपेत साचतो. पाण्याची नळी गोठली असेल तर प्लग काढून ती वितळू द्यावी. सुरीने टोचू नये, आतली गॅसची नळी फुटली तर खर्च मोठा. एवढे पाहूनही बर्फ आला नाही, तर मग मेकॅनिकला बोलवावे.

आमचे सांगणे एवढेच की, वस्तू बिघडली म्हणून लगेच भंगारात देऊ नये. आपल्या वडीलधाऱ्यांनी एक लादी भुशात राखून अख्ख्या पंगतीला गार पाणी पाजले. ती राखण्याची सवय आपणही राखू या.

गणपती बाप्पा मोरया!