फ्रीडाचं निळं घर

घराला रंग काढायची वेळ आली की आपल्याकडे एक संवाद हमखास होतो. कोणीतरी हौसेनं गडद निळा म्हणतं आणि लगेच दुसरं कोणी म्हणतं, "नको गं, भडक दिसेल. ऑफव्हाइटच बरा." हा 'भडक' शब्द मोठा मजेशीर आहे. त्यात रंगाबद्दल थोडं आणि 'लोक काय म्हणतील' याबद्दल बरंच काही असतं. आज आपण ज्या घराबद्दल बोलणार आहोत ते मुद्दाम, जाणूनबुजून भडक केलेलं घर आहे. आणि ते तसं करण्यामागे निव्वळ हौस नव्हती, राजकारणही होतं.

मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागात कोयोआकान नावाची जुनी वस्ती आहे. तिथे लोंद्रेस आणि आयेंदे या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर 'कासा आसूल' उभं आहे. शब्दशः अर्थ निळं घर. चित्रकार फ्रीडा काहलो १९०७ साली जन्मली, या घरात वाढली आणि १९५४ साली इथेच गेली.

घर बांधलं तिच्या वडिलांनी, १९०४ मध्ये. मधे मोकळा चौक आणि भोवती खोल्या, म्हणजे आपल्या वाड्याच्या जवळचीच कल्पना. पण बाहेरची नटवण मात्र चक्क फ्रेंच वळणाची! त्या काळी ते साहजिकच होतं. सत्तेवर होते पोर्फिरिओ दियास. त्यांच्या तीन दशकांच्या काळात मेक्सिकोतल्या वरच्या वर्गाचा आदर्श एकच, पॅरिस. कपडे पॅरिसचे, फर्निचर पॅरिसचं, घराचा दर्शनी भागही तसाच. झगझगीत रंग, मातीची भांडी, वेताच्या खुर्च्या हे सगळं खेड्यातल्या मूळनिवासींचं, बाजारातलं. प्रतिष्ठित माणसाच्या दिवाणखान्यात त्याला जागा नव्हती. फ्रीडाचे वडील गियेर्मो जर्मनीतून आलेले फोटोग्राफर. दियास सरकारसाठी ते देशातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढत, तेव्हा तेही त्याच चालीनं चालले.

१९१० मध्ये क्रांती पेटली, दियास गेले आणि गियेर्मोंचं सरकारी कामही गेलं. पुढे घर गहाण पडलं. (फ्रीडा मोठेपणी आपलं जन्मसाल १९१० सांगायची. क्रांती आणि मी एकाच वर्षी जन्मलो, असं!)

दहा वर्षांच्या यादवीनंतर देशापुढे प्रश्न उभा राहिला की आपण नेमके कोण? शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. त्यातला सर्वांत गाजलेला गडी म्हणजे दिएगो रिवेरा. शेतकरी, मजूर, बाजारातल्या बायका, मक्याची कणसं हे सगळं त्यानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर आणलं. आणि मंडळी, त्या भिंतींवर आपल्या विदर्भातला एक माणूसही आहे बरं का. गदर चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. ते तेव्हा चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते आणि मक्याच्या वाणांवर काम करत होते. रिवेरानं त्यांना एका जेवणाच्या टेबलाशी बसून भाकर मोडताना रंगवलंय.

जे सार्वजनिक भिंतींवर झालं तेच फ्रीडानं घरात केलं. १९२९ मध्ये तिचं दिएगोशी लग्न झालं. सासऱ्यांच्या घराचं गहाण दिएगोनं फेडलं. दोघं काही वर्षं सान आन्हेल इथे राहिले. तिथली जोडघरं हुआन ओगोर्मान या तरुण वास्तुकारानं बांधली होती. एक दिएगोचं लाल-पांढरं, एक फ्रीडाचं निळं आणि दोन्हींच्या मधे पूल. बांधणी युरोपातल्या आधुनिकांसारखी काटेकोर, पण रंग गावचे आणि कुंपण निवडुंगाचं. नवऱ्याबायकोनं वेगवेगळ्या रंगाच्या घरांत राहावं ही कल्पना मला फार आवडते.

पुढे दोघं कोयोआकानला परतले आणि वडिलांच्या फ्रेंच वळणाच्या घराचं रूप पालटलं. बाहेरून गर्द निळा. अशा निळ्याला स्पॅनिशमध्ये 'अन्यील' म्हणतात. हा शब्द अरबी 'अन्-नील'वरून आला आणि तो मुळात संस्कृत 'नील'. आपल्याकडे चुन्यात नीळ घालून भिंती सारवायचे, ती हीच नीळ. शब्द भारतातून निघाला आणि मेक्सिकोच्या भिंतीवर जाऊन बसला.

आत गेलं की स्वयंपाकघर. शेगडीची जागा निळ्या-पिवळ्या फरशांनी मढवलेली. गॅस आला होता, तरी चूल लाकडांचीच. भिंतीवर बोटभर उंचीची मातीची मडकी चिकटवून 'फ्रीडा' आणि 'दिएगो' अशी नावं लिहिलेली. शेजारी जेवणघर, त्याची जमीन पिवळीधमक. फ्रीडानं आपल्या डायरीत रंगांचे अर्थ टिपून ठेवलेत. त्यात पिवळ्याला तिनं वेड आणि आजाराशी जोडलंय, शिवाय ऊन आणि आनंदाशीही. म्हणजे तो तिच्यासाठी निव्वळ प्रसन्न रंग नव्हता, आणि तरी त्याच्यावर पाय ठेवून ती रोज जेवायला बसत होती. जिन्याजवळ पत्र्यावर रंगवलेली शेकडो नवसाची चित्रं. अपघातातून वाचलो, आजारातून उठलो, म्हणून गरिबांनी देवापुढे ठेवलेली.

आता कोणी म्हणेल, गरिबांच्या वस्तू विकत घेऊन घर सजवणं हाही पैसेवाल्यांचाच शौक. आक्षेपात तथ्य आहे. त्या घरात थोडं नाटक होतंच. येणाऱ्याजाणाऱ्यांना, त्यातही परदेशी पाहुण्यांना ते दिसावं अशी इच्छा होतीच. १९३७ मध्ये रशियातून हद्दपार झालेला ट्रॉट्स्की इथे आसऱ्याला आला तेव्हा रस्त्याकडच्या खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या. घर किल्ला झालं आणि किल्ला निळाच होता!

पण नाटक एवढंच म्हणून हे प्रकरण मिटत नाही. १९२५ मध्ये, अठराव्या वर्षी, फ्रीडाची बस ट्रामखाली सापडली. पाठीचा कणा, कंबर, पाय, सगळं मोडलं. नंतरचं आयुष्य शस्त्रक्रिया आणि अंथरूण यांतच गेलं. पलंगाच्या छताला आरसा लावून ती आडवी पडून स्वतःचं चित्र काढायची. ज्या बाईचं जग अनेकदा एका खोलीएवढं होतं तिला त्या खोलीच्या भिंतीचा रंग किरकोळ कसा वाटेल? हल्ली फ्रीडाचा चेहरा छापलेल्या उश्या मिळतात, 'कलर पॉप' म्हणून. घ्या, जरूर घ्या. पण उशीवर हे येत नाही.

१९५८ मध्ये घराचं संग्रहालय झालं. फ्रीडाची एक न्हाणी मात्र दिएगोनं कुलूपबंद ठेवायला सांगितली होती. ती उघडली २००४ मध्ये. आत तिचे कपडे, औषधं, कापून टाकलेल्या पायाच्या जागी वापरलेला कृत्रिम पाय होता, त्याला लाल बूट. संग्रहालयात तिचे प्लास्टरचे कमरपट्टेही आहेत, कणा सरळ ठेवणारे. त्यातल्या एकावर तिनं लाल रंगात विळा-हातोडा काढलाय.