भरधाव वाहनचालन

भरधाव वाहनचालन म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने ठरवलेली वेगमर्यादा ओलांडून, किंवा मर्यादेच्या आत असूनही रस्ता, रहदारी, हवामान व प्रकाश यांच्या मानाने धोकादायक ठरेल अशा वेगाने वाहन चालवणे होय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. शक्तिशाली स्पोर्ट्स कार व आलिशान मोटारींचा प्रसार आणि रुंद महामार्गांची उभारणी यांमुळे एकविसाव्या शतकात या प्रश्नाला नवे परिमाण मिळाले. महाराष्ट्रात मे २०२४ मध्ये जळगाव व पुणे येथे अवघ्या बारा दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन अपघातांनंतर हा विषय सार्वजनिक चर्चेच्या केंद्रस्थानी आला.

वेग आणि धोका यांचा संबंध

गतिमान वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या तुलनेत ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्याच मोटारीत दुप्पट नव्हे, तर चौपट ऊर्जा असते. टक्कर झाल्यास ही ऊर्जा वाहनाचा सांगाडा आणि मानवी शरीरे यांच्यावर खर्च होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढल्यास प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. मोटारीच्या पुढील भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० किलोमीटरच्या तुलनेत ताशी ६५ किलोमीटर वेगाला साडेचार पट असतो.

वाहन थांबण्यासाठी लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापले जाणारे ते प्रतिक्रिया-अंतर आणि ब्रेक लागल्यानंतर कापले जाणारे ते ब्रेक-अंतर. प्रतिक्रियेस दीड सेकंद लागतो आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर वेग प्रतिसेकंद सात मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो असे मानल्यास पुढीलप्रमाणे अंतरे येतात:

ताशी ५० किमी: प्रतिक्रिया-अंतर २१ मीटर, एकूण अंतर ३५ मीटर
ताशी ८० किमी: प्रतिक्रिया-अंतर ३३ मीटर, एकूण अंतर ६९ मीटर
ताशी १०० किमी: प्रतिक्रिया-अंतर ४२ मीटर, एकूण अंतर ९७ मीटर
ताशी १२० किमी: प्रतिक्रिया-अंतर ५० मीटर, एकूण अंतर १२९ मीटर
ताशी १६० किमी: प्रतिक्रिया-अंतर ६७ मीटर, एकूण अंतर २०८ मीटर

या गणितानुसार ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार ज्या ठिकाणी पूर्णपणे थांबते, त्याच ठिकाणी ताशी १६० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लावूनही ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने पोहोचते. पावसाने ओल्या झालेल्या किंवा माती सांडलेल्या रस्त्यावर ब्रेक-अंतर आणखी वाढते.

शक्तिशाली मोटारी

सामान्य छोट्या मोटारीला शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास साधारणपणे १२ ते १५ सेकंद लागतात. अनेक स्पोर्ट्स कार हा वेग चार सेकंदांच्या आत गाठतात. अशा मोटारींचे ब्रेक, टायर व निलंबन-व्यवस्था सामान्य मोटारींपेक्षा सरस असतात, त्यामुळे त्यांचे ब्रेक-अंतर कमी भरते. प्रतिक्रिया-अंतर मात्र चालकाच्या मेंदूवर अवलंबून असते व ते मोटारीच्या किमतीनुसार घटत नाही. शिवाय उत्तम ध्वनिरोधन आणि स्थिर चाल यांमुळे आत बसलेल्यांना वेगाची जाणीव कमी होते.

मोटारीची क्षमता आणि रस्त्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. शर्यतीच्या मार्गावर सर्व वाहने एकाच दिशेने जातात, वळणांच्या बाहेर मोकळी जागा ठेवलेली असते आणि पादचारी, गुरे किंवा समोरून येणारे वाहन नसते. भारतात ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट, कोइंबतूर येथील कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग हे यासाठीच बांधलेले आहेत. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही.

खानदेशातील परिस्थिती

धुळे हे मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–धुळे–जळगाव–नागपूर महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ५३, पूर्वीचा क्रमांक ६) यांच्या छेदावरील शहर आहे. सोलापूरकडून चाळीसगावमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ देखील येथे मिळतो. या मार्गांवर आंतरराज्य मालवाहतूक, रावेर-यावल पट्ट्यातून केळी नेणारे ट्रक, कापूस व ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, दुचाकी आणि पायी जाणारे शेतमजूर एकत्रच वावरतात.

जळगाव शहरात महामार्ग वस्तीच्या मध्यातून जातो. इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक, प्रभात चौक अशा ठिकाणी स्थानिक रहदारी व लांब पल्ल्याची रहदारी एकमेकांत मिसळते. त्यामुळे महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत या मागणीसाठी नागरिकांनी अनेक वर्षे आंदोलने केली. चिखली–तरसोद व तरसोद–फागणे या टप्प्यांच्या चौपदरीकरणात शहराबाहेरून पाळधी ते तरसोद असा वळणरस्ता आखण्यात आला.

चौपदरीकरणामुळे समोरासमोरच्या धडकेचा धोका घटतो, परंतु वाहनांचा वेग वाढतो. शेत रस्त्याच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला असल्यास ट्रॅक्टरला दुभाजकातील मोकळ्या जागेतून रस्ता ओलांडावा लागतो. ताशी १० किलोमीटर वेगाच्या भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला एक बाजू पूर्णपणे ओलांडण्यास सुमारे सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १५५ मीटर, तर ताशी १६० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ३१० मीटर अंतर कापते. दूर दिसणारी मोटार नेहमीच्या वेगाने येत असेल असा अंदाज बांधून निघालेला ट्रॅक्टरचालक म्हणूनच चुकतो. रात्री हा धोका अधिक असतो. मोटारीच्या दिव्यांचा खालचा झोत साधारणपणे ४० ते ५० मीटर अंतर उजळतो व त्या अंतरात थांबायचे असल्यास वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपासच असावा लागतो. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली किंवा उभा ट्रक त्याहून अधिक वेगाच्या चालकाला दिसेपर्यंत ब्रेकची वेळ टळून गेलेली असते.

प्रत्येक भीषण अपघात अतिवेगामुळेच होतो असे नाही. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ एका कंटेनरने अनेक वाहनांना धडक देऊन हॉटेलात शिरकाव केला आणि किमान दहा जणांचा मृत्यू झाला. त्या अपघाताचे कारण ब्रेक निकामी होणे हे सांगण्यात आले.

उल्लेखनीय घटना

रामदेववाडी, जळगाव (२०२४)

७ मे २०२४ रोजी जळगाव–पाचोरा मार्गावर शिरसोलीजवळील रामदेववाडी येथे भरधाव मोटारीने एका दुचाकीला धडक दिली. या अपघातात गावातील एक आशा स्वयंसेविका, तिची दोन लहान मुले आणि भाचा अशा चौघांचा मृत्यू झाला. मोटारीतील संशयित तरुणांना अटक होण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. दरम्यानच्या काळात पुण्यातील अपघात घडला आणि त्यावरील जनक्षोभानंतर जळगावच्या प्रकरणाकडेही राज्याचे लक्ष वेधले गेले. दोन्ही घटनांत आरोपी संपन्न घरांतील असल्याने तपासातील समानतेचा प्रश्न उपस्थित झाला.

कल्याणीनगर, पुणे (२०२४)

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात पोर्शे टायकन या विजेवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारने एका दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. मोटार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि मोटारीची कायम नोंदणी पूर्ण झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. तिच्यावर देशभर टीका झाली. नंतर त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना व मुलाच्या पालकांना अटक करण्यात आली. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

कार्टर रोड, मुंबई (२००६)

१२ नोव्हेंबर २००६ रोजी वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेल्याने सात जण ठार झाले. कनिष्ठ न्यायालयाने हा निष्काळजीपणाचा गुन्हा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध धरून तीन वर्षांची शिक्षा सुनावली व सर्वोच्च न्यायालयाने ती जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. अॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखला जाणारा हा निकाल अशा खटल्यांत वारंवार उद्धृत केला जातो.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११२ अन्वये वेगमर्यादा ठरवल्या जातात. एप्रिल २०१८ मधील केंद्रीय अधिसूचनेने मोटारींसाठी द्रुतगती मार्गांवर ताशी १२० व दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटर अशी कमाल मर्यादा घातली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही वाढीव मर्यादांची अधिसूचना रद्द ठरवली. स्थानिक परिस्थितीनुसार याहून कमी मर्यादा लावता येते आणि रस्त्यावरील फलकावर दर्शवलेली मर्यादा पाळावी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या प्रमुख तरतुदी अशा आहेत:

कलम १८३: वेगमर्यादेचा भंग. हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये दंड.
कलम १८४: धोकादायक वाहनचालन. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.
कलम १८९: विनापरवाना शर्यत किंवा वेगाची चाचणी. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
कलम १९९अ: अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अल्पवयीनास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही.

मृत्यू घडल्यास फौजदारी कायदा लागू होतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४अ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार ती पाच वर्षांपर्यंत आहे. आपल्या कृतीने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव आरोपीला होती असे सिद्ध झाल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू होते व शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. निष्काळजीपणा की जाणीव, हाच बहुतेक खटल्यांतील मुख्य वाद असतो. त्यामुळे अपघातानंतर घेतलेला रक्ताचा नमुना, टायरच्या खुणा, सीसीटीव्ही चित्रण आणि मोटारीतील विद्युत नोंदी यांना निर्णायक महत्त्व येते.

मृतांचे वारस व जखमी व्यक्ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतात. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध न लागल्यास १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात.

प्रतिबंधक उपाय

१ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरपुढे इशारा देणारी व ताशी १२० किलोमीटरपुढे सतत वाजणारी ध्वनिसूचना बंधनकारक आहे. ती वेग रोखत नाही. वेगनियंत्रक यंत्र बहुतेक प्रवासी व मालवाहू व्यावसायिक वाहनांना सक्तीचे आहे, खासगी मोटारींना नाही. महामार्ग पोलीस वेगमापक बंदूक बसवलेल्या गाड्या व ई-चलान यांद्वारे कारवाई करतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन प्रणाली कार्यरत आहे.

सुमारे ५०० मीटरच्या ज्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात होतात किंवा दहा मृत्यू होतात, तो राष्ट्रीय महामार्गावरील अपघातप्रवण क्षेत्र मानला जातो. अशा ठिकाणी भुयारी मार्ग, सेवारस्ता, दिवे व गतिरोधक पट्ट्या यांची तरतूद केली जाते. पकडले जाण्याची शक्यता कमी असल्यास केवळ दंडाची रक्कम वाढवून वेग फारसा घटत नाही, असा वाहतूक-सुरक्षा क्षेत्रातील सर्वसाधारण निष्कर्ष आहे.

सामाजिक परिणाम

२०२२ मध्ये भारतातील रस्ते अपघातांतील मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील व १९.५ टक्के पादचारी होते. मोटारीतील व्यक्तींना सीटबेल्ट, हवापिशव्या व पोलादी सांगाडा यांचे संरक्षण असते. बाहेरच्यांना ते नसते. म्हणूनच वेगाचा निर्णय एक व्यक्ती घेते आणि त्याची किंमत बहुधा दुसरीच व्यक्ती मोजते. रामदेववाडी व कल्याणीनगर या दोन्ही ठिकाणी मरण पावलेले सर्व जण दुचाकीवर होते.